किनारा कायमचा टँकरमुक्त करता येतो का?

प्रश्न थोडक्यात असा आहे: "मी मूळचा देवगडकडचा, सध्या ब्रिटिश कोलंबियाच्या उत्तर किनाऱ्यावर नोकरीला आहे. इथे तेलाच्या टँकरना कायद्याने बंदी आहे असं सगळे सांगतात. पण अलास्काचे टँकर बाहेरून जातातच, बार्जमधून इंधन येतंच, आणि आता नव्या पाइपलाइनसाठी ही बंदीच सैल करायची भाषा सुरू झाली आहे. मग एखादा किनारा टँकरपासून कायमचा वाचवता येतो का? कशाने? आणि आपल्या कोकणात असं काही होईल का?"

वाचवता येतो, पण ज्याला सगळे 'टँकरबंदी' म्हणतात त्या एकाच कायद्याच्या भरवशावर नाही. तुमच्या प्रश्नात तीन प्रश्न एकमेकांत अडकले आहेत. किनाऱ्यावर येऊन माल भरणारा किंवा उतरवणारा टँकर हा एक. समोरून नुसता निघून जाणारा टँकर हा दुसरा. आणि 'कायमचं' म्हणजे नक्की किती, हा तिसरा. पहिल्यावरचं औषध दुसऱ्याला लावलं की निराशा होते. तुम्हाला जो घोळ वाटतो आहे तो बराचसा तिथलाच आहे.

आधी कॅनडाचा कायदा नेमका काय म्हणतो ते पाहू, कारण त्याच्याबद्दल दोन्ही बाजूंचे लोक फार सैल बोलतात. विधेयक असताना त्याचं नाव सी-४८ होतं, २१ जून २०१९ रोजी तो मंजूर झाला. अलास्काच्या सीमेपासून खाली व्हँकुव्हर बेटाच्या उत्तर टोकासमोरच्या मुख्यभूमीपर्यंतचा किनारा आणि हैडा ग्वाई बेटं त्यात येतात. १२,५०० मेट्रिक टनांपेक्षा जास्त कच्चं तेल किंवा 'टिकाऊ' तेल माल म्हणून वाहणाऱ्या टँकरने या पट्ट्यातल्या बंदरात किंवा सागरी टर्मिनलवर थांबायचं नाही, भरायचं नाही, उतरवायचं नाही. मोठ्या टँकरमधून छोट्या जहाजांत थोडं थोडं उतरवून आकडा चुकवायची वाटही बंद केली आहे. दंड जास्तीत जास्त ५० लाख डॉलर.

'टिकाऊ' म्हणजे पाण्यावर पडल्यावर लवकर उडून न जाणारं. बंकर सी (जहाजांचं जड इंधन), सिंथेटिक क्रूड, अर्धवट सुधारलेलं बिट्युमेन (डांबरासारखं जड तेल), पेट्रोलियम पिच अशांची यादीच कायद्याला जोडली आहे. पेट्रोल, नॅफ्था, विमानाचं इंधन, प्रोपेन, एलएनजी त्यात नाहीत. म्हणून याच पट्ट्यातल्या किटिमॅटहून २०२५ च्या मध्यापासून एलएनजीची मोठी जहाजं डग्लस चॅनेलमधून ये-जा करू लागली तरी या कायद्याचा भंग होत नाही. 'टँकरमुक्त किनारा' हा शब्द इथेच थोडा फसवा ठरतो.

१२,५०० हा आकडा ठेवला तो किनाऱ्यावरच्या वस्त्यांना आणि कारखान्यांना इंधन पोचवता यावं म्हणून. या वस्त्यांपैकी कित्येकांना रस्ताच नाही, डिझेल बंद म्हणजे दिवे बंद. पण आकडा लहान नाही. १२,५०० टन म्हणजे ढोबळ हिशेबाने ९० हजार पिंपं, दीड कोटी लिटरच्या आसपास. १९८९ मध्ये 'एक्झॉन व्हाल्डेझ' अलास्कात ब्लाय खडकावर चढला तेव्हा सुमारे ३७ हजार टन तेल सांडलं. त्याच्या एक तृतीयांशापर्यंतचा साठा या कायद्यात बसतो.

आता मुख्य मुद्दा. हा कायदा 'जाण्या'वर का नाही आणि 'थांबण्या'वर का आहे? १९८२ च्या समुद्रविषयक आंतरराष्ट्रीय करारानुसार किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांपर्यंतचा समुद्र देशाच्या हद्दीत असतो, पण तिथेही परक्या जहाजाला निरुपद्रवी मार्गक्रमणाचा हक्क असतो. सरळ, न थांबता, कुणाला त्रास न देता ते जाऊ शकतं. पोटात तेल आहे एवढ्यावरून तो हक्क जात नाही. १२ मैलांच्या पुढे २०० मैलांपर्यंत तर किनाऱ्यावरच्या देशाचा हक्क मासे, तेल, वायू अशा संपत्तीवर. जहाजांची ये-जा जवळपास मोकळी. बंदर मात्र देशाचं स्वतःचं घर आहे. घरात कोणाला घ्यायचं, कोणत्या अटीवर घ्यायचं, हे सांगायला बाहेरच्या कुणाची परवानगी लागत नाही. कायदा लिहिणाऱ्यांनी कुलूप बंदराला लावलं ते यामुळे. ते भित्रेपणाचं लक्षण नाही. कोर्टात आणि आंतरराष्ट्रीय मंचावर टिकेल अशी तीच एक जागा होती.

शिवाय व्यवहारातही ते बरोबर आहे. टँकर हौसेने कुठे जात नाही. जिथे पाइपलाइनचं टोक, टाक्या आणि जेट्टी आहे तिथेच तो जातो. टर्मिनल नसेल तर टँकरला त्या खाडीत शिरायचं कारणच उरत नाही. म्हणून टँकरविरोधी लढाईतलं सगळ्यात टिकाऊ काम जमिनीवर होतं, आणि टर्मिनल बांधलं जाण्याआधी होतं. एकदा अब्जावधी डॉलर ओतून ते उभं राहिलं की पुढे कुणी ते मोडत नाही, फक्त अटी वाढवत बसतात.

याची उदाहरणं शेजारीच आहेत. वॉशिंग्टन राज्यातल्या प्युजेट साउंडमध्ये १९७७ च्या केंद्रीय दुरुस्तीने एक साधी गोष्ट केली: राज्याच्या स्वतःच्या वापरापलीकडचं कच्चं तेल हाताळता येईल अशा टर्मिनल-वाढीला केंद्राच्या कोणत्याही खात्याने परवाना द्यायचा नाही. एकाही जहाजाला हात न लावता वाहतुकीवर झाकण बसलं. दुसऱ्या टोकाला, मेन राज्यातल्या साउथ पोर्टलंड या छोट्या शहराने २०१४ मध्ये टँकरमध्ये कच्चं तेल भरायला शहराच्या हद्दीत बंदी घातली. ती जमीनवापराच्या नियमात बसवली होती, जहाजांच्या नियमात नाही.

हे कोण करतंय यावर बरंच अवलंबून असतं. वॉशिंग्टन राज्याने सव्वा लाख टनांवरचे टँकर स्वतःच्या कायद्याने रोखायचा प्रयत्न केला तो अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये रद्द केला. जहाजांचा आकार हा केंद्राचा विषय ठरला. ब्रिटिश कोलंबियाने पाइपलाइनमधून येणाऱ्या जड तेलावर प्रांताची परवानगी सक्तीची करून पाहिली. जानेवारी २०२० मध्ये कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने तीही बाजूला सारली. दोन्हीकडे मसुदा चांगला होता, फक्त चुकीच्या हातांनी लिहिला होता. म्हणून कोणी "आपण एक कडक कायदा करू" म्हणालं की आधी घटनेत हा विषय कुणाच्या यादीत आहे ते बघावं लागतं.

आता समोरून जाणारे टँकर. इथे बंदी चालत नाही, अंतर चालतं. अलास्कातल्या व्हाल्डेझहून भरून दक्षिणेला जाणाऱ्या टँकरसाठी १९८० च्या दशकात दोन्ही देशांच्या तटरक्षक दलांनी जहाज कंपन्यांशी बोलून एक रेषा ठरवली. भरलेल्या टँकरने या रेषेच्या पश्चिमेकडून, म्हणजे किनाऱ्यापासून दूर जायचं. ते ऐच्छिक आहे, त्यामागे दंडाचं कलम नाही. पण ती रेषा कशी आखली ते महत्त्वाचं आहे: इंजिन बंद पडलेला टँकर वाईटात वाईट हवेत किती वेगाने किनाऱ्याकडे वाहवत येईल आणि मदत पोचायला किती वेळ लागेल, या दोन्हींची गाठ घालून.

हा हिशेब प्रत्येकाने एकदा हाताने करून बघावा, कारण टँकर दूर ठेवण्याच्या बहुतेक मागण्या इथेच हवेत राहतात. उदाहरण म्हणून धरा: वाहवण्याचा वेग २ नॉट, म्हणजे तासाला २ सागरी मैल. बिघाड झाल्यावर कॅप्टनने आधी स्वतः दुरुस्तीचा प्रयत्न करून मग कळवलं, ३ तास गेले. टग, म्हणजे जहाज ओढून नेणारी ताकदवान बोट, निघायला १ तास. टग १५० सागरी मैलांवर आहे आणि खराब समुद्रात १२ नॉटने येतो, म्हणजे साडेबारा तास. दोर लावून जहाज ताब्यात घ्यायला साडेतीन तास. एकूण २० तास, म्हणजे ४० मैल वाहवणं. त्यावर चौथा हिस्सा राखीव धरला की ५० मैल. आता फक्त एक गोष्ट बदला, टग ६० मैलांवर आणून ठेवा. प्रवास ५ तासांवर येतो, एकूण साडेबारा तास, वाहवणं २५ मैल. टगची जागा बदलल्याने जे साधतं ते कित्येकदा दहा वर्षांच्या वाटाघाटींनी साधत नाही.

या गणितात लोक हमखास चार ठिकाणी चुकतात. पहिलं, कळवायला होणारा उशीर शून्य धरतात. प्रत्यक्षात तोच सगळ्यात बेभरवशाचा असतो. मदत मागितली की खर्चाचं मीटर सुरू होतं, म्हणून कॅप्टन आणि मालक दोघंही "अजून तासाभरात इंजिन लागेल" म्हणत राहतात. दुसरं, भरतीचा प्रवाह सरळ बेरजेत घेतात. सहा तासांनी तो उलटतो, त्यामुळे लांबच्या पल्ल्यात वारा आणि लाटच निर्णायक. तिसरं, फक्त भरलेल्या टँकरचा वेग धरतात. भरलेला टँकर पाण्यात खोल बसलेला असतो, वाऱ्याला कमी सापडतो. कंटेनर जहाजाची भिंत उंच असते, ते जास्त वेगाने वाहवतं. चौथं, नांगरावर विसंबतात. हैडा ग्वाईच्या पश्चिमेला उथळ पट्टा इतका अरुंद आहे की नांगर धरेल अशी खोली येईपर्यंत खडक समोर आलेले असतात.

ऑक्टोबर २०१४ मध्ये 'सिमुशिर' या रशियन मालवाहू जहाजाच्या बाबतीत हे सगळं दिसलं. इंजिन गेलं, जहाज हैडा ग्वाईकडे वाहवत निघालं, कॅनडाच्या तटरक्षक दलाचं 'गॉर्डन रीड' पोचलं, पण त्याचा दोर तुटला. शेवटी अमेरिकेचा एक मोठा टग आला आणि त्याने जहाज प्रिन्स रूपर्टला आणलं. वारा वेळेवर फिरला हे नशीब. २० हजार टनांवरच्या टँकरना पुढे आणि मागे आणीबाणीत ओढून नेण्याची सोय बसवणं आंतरराष्ट्रीय नियमाने बंधनकारक आहे: ५० हजार टनांखाली १,००० किलोन्यूटन, त्यावर २,००० किलोन्यूटन इतका ताण ती सोसली पाहिजे, आणि मागची सोय बंदराच्या परिस्थितीत १५ मिनिटांत सोडता आली पाहिजे. 'सिमुशिर'सारख्या साध्या मालवाहू जहाजांना ही सक्ती नाही. म्हणजे ओढायला टँकर तुलनेने सोपा, बाकीची जहाजं अवघड. २०१८ मध्ये कॅनडाने 'अटलांटिक ईगल' आणि 'अटलांटिक रेव्हन' हे दोन मोठे टग भाड्याने घेऊन या किनाऱ्यावर ठेवले. तुमच्या किनाऱ्यासाठी मला कुणी एकच मागणी निवडायला सांगितली तर मी हीच निवडेन: हे टग कायमस्वरूपी, बारा महिने, आणि त्यातला एक उत्तरेत. भाडेकरार संपतात आणि अर्थसंकल्पात असली ओळ गुपचूप गळते. बंदीच्या कायद्यावर मोर्चे निघतात, टगच्या भाडेकरारावर कुणी निघत नाही.

ऐच्छिक रेषेपेक्षा वजनदार काही हवं असेल तर आयएमओ, म्हणजे आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेकडे जावं लागतं. तिथे दोन वेगळी हत्यारं आहेत. एक, 'टाळावयाचं क्षेत्र'. नकाशावर छापलं जातं, आणि अमुक प्रकारच्या जहाजांनी यात शिरू नये असं सांगतं. वॉशिंग्टनच्या ऑलिंपिक किनाऱ्यावर असं क्षेत्र १९९५ पासून आहे, तेल आणि घातक माल वाहणाऱ्या जहाजांनी सुमारे २५ मैल दूर राहावं म्हणून. तेही शिफारसवजाच आहे, तरी बहुतेक जहाजं पाळतात, कारण छापील नकाशाविरुद्ध जाऊन अपघात झाला तर विमा कंपनी आणि कोर्टापुढे कॅप्टनकडे उत्तर नसतं.

दुसरं, 'विशेष संवेदनशील सागरी क्षेत्र', ज्याला सगळे पीएसएसए म्हणतात. ऑस्ट्रेलियाचं ग्रेट बॅरियर रीफ १९९० मध्ये पहिलं झालं. पुढे गॅलापागोस, वॅडन समुद्र, बाल्टिकचा बराचसा भाग असे अनेक आले. कॅनडाचा हा किनारा त्या यादीत नाही. पीएसएसए या नावाला स्वतःची ताकद जवळपास नसते. नावासोबत जे संरक्षक उपाय मंजूर होतात त्यात सगळं असतं: मार्ग, सक्तीने कळवणं, टाळावयाचं क्षेत्र. त्यामुळे अर्ज करताना आधी उपाय ठरवावा, मग नाव मागावं. उलट करणारे नुसती पाटी घेऊन परततात. अर्जात परिसराचं पर्यावरणीय, सामाजिक किंवा वैज्ञानिक महत्त्व, जहाजवाहतुकीपासूनचा नेमका धोका आणि आयएमओच्या अधिकारातला उपाय हे तिन्ही दाखवावं लागतं. जहाजांच्या हालचालींची नोंद जोडलेली नसेल तर चर्चा पुढे सरकत नाही. आणि अर्ज देशाचं सरकारच करू शकतं. संस्था किंवा आदिवासी परिषद थेट करू शकत नाही.

इथे अपेक्षा किती ठेवावी? नोव्हेंबर २००२ मध्ये 'प्रेस्टीज' हा टँकर स्पेनच्या गॅलिशियासमोर फुटल्यावर युरोपच्या काही देशांनी पश्चिम युरोपच्या समुद्रातून जड तेल वाहणारे एकेरी कवचाचे टँकर जाऊच नयेत अशी मागणी केली. २००४ मध्ये पीएसएसए मिळालं, पण त्यासोबतचा उपाय निघाला ४८ तास आधी कळवण्याचा. ऑस्ट्रेलियाने टॉरेस सामुद्रधुनीत पायलट, म्हणजे जहाजावर चढून वाट दाखवणारा स्थानिक जाणकार, सक्तीचा केला, त्यावर अमेरिका आणि सिंगापूर यांनी हरकत घेतली. फ्रान्स आणि इटलीने १९९३ मध्ये बोनिफासिओ सामुद्रधुनीतून टँकर बंद केले ते स्वतःच्या झेंड्याचे. परक्या झेंड्याला ते विनंतीच करू शकले. म्हणून समोरून जाणारा टँकर 'बंद' होईल असं कुणी सांगत असेल तर त्याला कलम विचारा. 'दूर' होईल म्हणत असेल तर मैल आणि टग विचारा.

आतापर्यंतचं एका दमात: टर्मिनल अडवलं की येणारे टँकर थांबतात, रेषा आणि टग यांनी जाणारे दूर राहतात. तरीही एक भाग उरतो, आणि तुमच्या भागातली अलीकडची जखम त्याच भागातली आहे. १३ ऑक्टोबर २०१६ रोजी 'नेथन ई. स्टुअर्ट' हा टग बेला बेलाजवळ खडकावर चढला. तो ढकलत असलेली इंधनाची बार्ज रिकामी होती. सांडलं ते टगच्या स्वतःच्या टाक्यांतलं डिझेल, एक लाख लिटरहून जास्त, आणि तिथल्या हायल्टसुक आदिवासींच्या शिंपल्यांच्या जागा बंद कराव्या लागल्या. १२,५०० टनांचा कायदा मालावर आहे, बंकरवर, म्हणजे जहाजाच्या स्वतःच्या इंधनावर, नाही. तो तेव्हा असता तरी या टगला लागू झाला नसता. मोठं कंटेनर जहाज स्वतःच्या चालण्यासाठी काही हजार टन इंधन बाळगतं आणि त्यालाही हा कायदा लागत नाही. यावरचा उपाय वेगळा आहे: अरुंद वाटेत पायलटची सूट कुणाला द्यायची याचे कडक नियम, सुकाणूच्या खोलीत रात्रपाळीला दुसरा माणूस, झोप लागली तर वाजणारा गजर. दिसायला किरकोळ, पण अशा वाटेत जहाजं बुडतात ती बहुतेक वेळा वळण चुकल्याने.

"सांडलं तर साफ करू" यावर मात्र फार भिस्त ठेवू नका. तेल अडवायचा बूम, म्हणजे तरंगता अडसर, प्रवाहाला आडवा लावला आणि प्रवाह पाऊण नॉटच्या वर गेला की तेल त्याच्या खालून निसटायला लागतं. तुमच्याकडच्या खाड्यांत भरती याच्या कितीतरी पट वेगाने धावते. लाटा दीड मीटरच्या वर गेल्या की बूम आणि तेल उचलणारी यंत्रं दोन्ही निकामी. हेकेट सामुद्रधुनी उथळ असल्यामुळे तिथली लाट आखूड आणि उभी असते, हिवाळ्यात असे दिवस इतके येतात की मोजायची गरजच पडत नाही. त्यात पातळ केलेलं बिट्युमेन असेल तर पातळ करणारा भाग उडून जातो आणि उरलेलं जड तेल गाळ चिकटून खाली बसू शकतं. २०१० मध्ये मिशिगनच्या कलामाझू नदीत पाइपलाइन फुटली तेव्हा ते नदीच्या तळाशी जाऊन बसलं होतं, आणि ते काढायला गाळ उपसावा लागला.

मग 'कायमचं'. संसदेचा कायदा संसदच बदलते, त्याला कायमचं म्हणणं धाडसाचं. सी-४८ सेनेटमध्ये शेवटी ४९ विरुद्ध ४६ असा निसटता पार पडला. त्याआधी सेनेटच्याच समितीने तो पुढे नेऊ नये असा अहवाल दिला होता. पाच वर्षांनी फेरआढावा घेण्याची तरतूद कायद्यातच आहे. मंत्र्याला जनहितासाठी सूट देण्याचाही अधिकार आहे. आणि २७ नोव्हेंबर २०२५ च्या केंद्र आणि अल्बर्टा प्रांत यांच्या सामंजस्य करारात आशियाकडे तेल नेणाऱ्या पाइपलाइनसाठी गरज पडल्यास या कायद्यात योग्य तो बदल करण्याची तयारी लिहून दिली आहे. तुम्ही ऐकलेली भाषा तीच.

पण एक गोष्ट लक्षात घ्या. नॉर्दर्न गेटवे ही १,१७७ किलोमीटरची पाइपलाइन किटिमॅटला यायची होती, तिला जून २०१४ मध्ये २०९ अटींसह मंजुरीही मिळाली होती. ती अडली तेव्हा हा टँकरबंदीचा कायदा अस्तित्वातच नव्हता. जून २०१६ मध्ये फेडरल अपील न्यायालयाने मंजुरी रद्द केली ती आदिवासी राष्ट्रांशी (कॅनडात मूळ रहिवासी समाजांना 'राष्ट्र' म्हणतात) पुरेशी सल्लामसलत केली नाही म्हणून, आणि त्या नोव्हेंबरात मंत्रिमंडळाने प्रकल्प नाकारला. ही सल्लामसलतीची जबाबदारी २००४ च्या हैडा खटल्यातून पक्की झाली होती, ती घटनेच्या आधाराने येते आणि साध्या बहुमताने काढता येत नाही. २०२४ मध्ये ब्रिटिश कोलंबियाने हैडा ग्वाईच्या जमिनीवर हैडांचा हक्क मान्य केला. तिथे आता जेट्टी बांधायची तर ज्यांची जमीन आहे त्यांना डावलून चालणार नाही. माझं मत असं की या किनाऱ्यावरचं खरं टिकाऊ कुलूप हे आहे, सी-४८ त्याच्यावरची कडी आहे. कडी काढली तरी दार लगेच उघडत नाही, पण उघडायला सोपं मात्र होतं.

यात एक कडवट भाग आहे, तोही सांगितला पाहिजे. सगळी आदिवासी राष्ट्रं बंदीच्या बाजूने नव्हती. हैडा, हायल्टसुक, गिटगाट यांनी ती मागितली. लॅक्स क्वालाम्स आणि निस्गा यांनी, आपल्या किनाऱ्याचं काय करायचं ते ओटावाने परस्पर ठरवलं, म्हणून विरोध केला. संमतीवर उभं राहिलेलं संरक्षण टिकाऊ असतं ते नकार देता येतो म्हणून, आणि नकार देता येतो तिथे होकारही देता येतो. कोणत्याही कायदेतज्ज्ञाने याहून पक्की हमी दिली तर सावध राहा. शिवाय इथे अडवलेलं तेल नाहीसं होत नाही. ट्रान्स माउंटनची वाढीव पाइपलाइन मे २०२४ पासून दिवसाला ८ लाख ९० हजार पिंपांच्या क्षमतेने व्हँकुव्हरजवळच्या बर्नाबीला येते, आणि ते टँकर दक्षिण किनाऱ्यावरून बाहेर पडतात.

कोकणाबद्दल. आपल्याकडे पहिला फरक असा की जहाजवाहतूक आणि मोठी बंदरं केंद्राकडे, पण लहान बंदरं समवर्ती सूचीत. त्यामुळे रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या बंदरांबाबत महाराष्ट्र मेरीटाइम बोर्डाचा शब्द चालतो, आणि जमीन संपादनात राज्याचा. नाणारला वर्षाला ६ कोटी टन क्षमतेचा तेलशुद्धीकरण प्रकल्प यायचा होता. मार्च २०१९ मध्ये त्याच्या जमिनीची अधिसूचना रद्द झाली आणि त्याच्यासोबत येणारी कच्च्या तेलाची वाहतूकही त्या गावांपुरती टळली. टँकरबद्दल एकही कलम न लिहिता. पण २०२३ मध्ये बारसूला तोच वाद पुन्हा उभा राहिला. अधिसूचना रद्द करणं आणि हक्क कायद्याने पक्का होणं यांतला फरक एवढाच असतो.

अभयारण्य जाहीर केलं की जहाजं थांबतील हा आपल्याकडचा मोठा गैरसमज. मालवणचं सागरी अभयारण्य १९८७ चं आहे. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कलम २६-अ मध्येच स्पष्ट लिहिलं आहे की अशा अधिसूचनेने जहाजांच्या निरुपद्रवी मार्गक्रमणाच्या हक्काला बाधा येत नाही. विजयदुर्गपासून शंभरेक किलोमीटर आत समुद्रात असलेल्या आंग्रिया बँक या पाण्याखालच्या प्रवाळपठारावर तर राज्याचा काहीच अधिकार नाही. ते १२ मैलांच्या बाहेर आहे. तिथे केंद्राने १९७६ च्या सागरी क्षेत्र कायद्याखाली पाऊल उचलावं आणि आयएमओकडे जावं, एवढाच रस्ता.

शेवटी तुमच्या गावच्या वाळूवर पावसाच्या तोंडावर येणारे डांबरगोळे. ते टँकरबंदीने जाणार नाहीत, रेषा दूर सरकवूनही जाणार नाहीत. जहाजांचं प्रदूषण रोखण्याच्या आंतरराष्ट्रीय 'मार्पोल' कराराप्रमाणे टाक्या धुतलेलं तेलकट पाणी टँकर किनाऱ्यापासून ५० मैलांच्या बाहेर, चालत्या जहाजातून, मैलामागे ३० लिटर तेलाच्या मर्यादेत आणि एकूण मालाच्या तीस हजारांश भागापर्यंत कायदेशीरपणे सोडू शकतो. त्याहून जास्त सोडणारे वेगळे. 'विशेष क्षेत्र' म्हणून नोंदलेल्या समुद्रात ही सवलत नाही. ओमानच्या बाजूचा अरबी समुद्र तसा नोंदलेला आहे, आपला पश्चिम किनारा नाही. म्हणून देवगडसाठी निवेदन द्यायचं असेल तर "टँकर बंद करा" असं लिहू नका. जहाजवाहतूक महासंचालनालयाला दोन गोष्टी मागा: पश्चिम किनारा मार्पोलच्या परिशिष्ट १ (तेलाबद्दलच्या) खाली विशेष क्षेत्र व्हावा असा प्रस्ताव, आणि बंदरांत टाक्यांचं धुणं उतरवून घेणाऱ्या सोयी खरोखर चालू आहेत का याची बंदरनिहाय यादी. दुसरी मागणी आधी लावून धरा, कारण उतरवून घ्यायची पुरेशी सोय नसेल तर विशेष क्षेत्राचा नियम लागूच होत नाही.